२५ लाखांत नेमकं काय काय बांधलं आहे? पोटगीचा हिशेब आणि तडजोडीची बोलणी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एक ताई. लग्न २००९ चं, मुलगी १२ वर्षांची. १४ महिन्यांपासून वेगळ्या राहतात, मुलीच्या शाळेजवळ भाड्याच्या घरात. २०१४ साली मुलीसाठी नोकरी सोडली, आता घरी शिकवण्या घेऊन महिन्याला १४,००० रुपये मिळतात. नवरा आयटी कंपनीत, तो म्हणतो, ‘हातात १ लाख ६५ हजार येतात’. सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा दोघांचा विचार आहे. नवऱ्याच्या वकिलानं मसुदा पाठवला आहे: एकरकमी २५ लाख, ‘फुल अँड फायनल’. भाऊ म्हणतो की कायद्यानं पगाराच्या २५ टक्के मिळतात, मग सही कशाला करतेस? ताईंनी विचारलं आहे की २५ लाख योग्य आहेत का, आणि नसतील तर बोलणी कशी करायची.

मी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते आहे. एवढ्या वर्षांत शिकलेली मुख्य गोष्ट आधी सांगते. एकरकमी आकडा समोर आला की त्या आकड्यावर घासाघीस सुरू करायची नाही. आधी विचारायचं की या पैशांच्या बदल्यात मी काय काय सोडते आहे. तुमच्या मसुद्यातलं तेच वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ‘पत्नीची व मुलीची पोटगी, स्त्रीधन आणि सदर फ्लॅटमधील हक्क यांसह सर्व मागण्या पूर्ण झाल्या.’ चार वेगवेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधून वर एकच किंमत लावली आहे. ते गाठोडं सोडून पाहू.

फ्लॅटपासून सुरुवात करते. तुम्ही लिहिलं आहे की आजचा बाजारभाव साधारण ९० लाख आहे आणि कर्ज २४ लाख उरलं आहे. म्हणजे निव्वळ किंमत ६६ लाख आणि सरळ निम्मा वाटा ३३ लाख. आपल्याकडे हिंदू जोडप्यांमध्ये लग्नानंतरची मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. (गोव्यातल्या दिवाणी कायद्याखाली लग्न झालेलं असतं आणि वेगळा करार केलेला नसता तर चित्र निराळं होतं, तिथं दोघांची मालमत्ता सामाईक धरतात.) त्यामुळे नवरा म्हणेल की हप्ते मी भरले, नाव फक्त प्रेमानं घातलं. पण खरेदीखतावर तुमचं नाव आहे, सुरुवातीला भरलेल्या रकमेत तुमचे ६ लाख बँकेतून गेल्याची नोंद आहे, आणि २०१२ पासून नोकरी सोडेपर्यंत तुमच्या पगारातूनही हप्ते गेलेत. बोलणीत हा वाटा ३३ वरून थोडा खाली येऊ शकतो. शून्यावर मात्र येत नाही. आणि पाहा, नुसता हा एक हक्कच २५ लाखांच्या वर जातो.

दागिने. १८ तोळे, त्यातले १२ माहेरचे आणि ६ लग्नात सासरच्यांनी घातलेले, सगळे सासूबाईंच्या लॉकरमध्ये. सासरकडून तुम्हाला मिळालेलं सोनंसुद्धा स्त्रीधनच असतं. स्त्रीधन ही तुमचीच मालमत्ता आहे, ते परत देणं म्हणजे पोटगी देणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट सांगितलं आहे: नवऱ्याला अडचणीत ते वापरता येतं, पण परत करण्याची जबाबदारी त्याचीच राहते. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेलेला असताना ‘स्त्रीधन मिळालं’ या दोन शब्दांची किंमत किती होते ते तुम्हीच मांडा. लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या आणि लॉकर उघडल्याच्या तारखा आत्ताच गोळा करून ठेवा.

आता पगार. ‘हातात येणारा’ आणि ‘निव्वळ’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरतात आणि तिथंच चूक होते. तुम्ही पाठवलेल्या पगारपत्रकावर एकूण पगार २,४०,००० आहे. त्यातून आयकर ३६,५००, भविष्यनिर्वाह निधी १२,००० आणि व्यवसाय कर २०० एवढ्या सक्तीच्या कपाती होतात. उरतात १,९१,३००. त्याखाली ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधीचे १५,००० आणि कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ११,३०० आहे. या दोन्ही कपाती त्यानं स्वतःच्या मर्जीनं लावून घेतल्या आहेत. पहिली तर त्याची बचतच आहे. पोटगी ठरवताना न्यायालयं अशा कपाती सहसा वजा धरत नाहीत. म्हणून हिशेबाचा पाया १,६५,००० नाही, १,९१,३०० आहे. शिवाय आयटीतल्या पगारपत्रकावर वार्षिक बोनस आणि कंपनीचे शेअर दर महिन्याला दिसत नाहीत. ते फॉर्म १६ मध्ये आणि आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात सापडतात. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत जिथं वर्षभराच्या पगाराच्या पाव हिस्सा रक्कम फक्त शेअरमध्ये होती आणि न्यायालयात उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र समोर येईपर्यंत बायकोला ते माहीतच नव्हतं.

ते प्रतिज्ञापत्र हा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘रजनीश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायलाच हवं असं बंधन घातलं. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. नमुन्यात पगार, बँक खाती, विमा, म्युच्युअल फंड, वाहनं, कर्जं, अवलंबून असलेली माणसं असं सगळं लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर त्याबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे. सातारा-सांगलीकडच्या प्रकरणांत मी नुसत्या सातबाऱ्यावर थांबत नाही. कारखान्याची ऊसबिलं आणि दूध संघाची बिलं मागवते, कारण सातबारा जमीन दाखवतो, उत्पन्न दाखवत नाही.

तुम्ही अजून न्यायालयात गेलेल्या नाही. तरी पुढच्या बैठकीत पहिली मागणी हीच ठेवा: त्याच नमुन्यात दोघांनीही माहिती द्यायची, मग आकड्यावर बोलायचं. तुम्हीही द्यायची, शिकवण्यांच्या उत्पन्नासकट. ते लपवू नका. १४,००० लपवायला गेलात आणि पकडलं गेलं तर तुमच्या खऱ्या खर्चावरचा विश्वासही उडतो. समोरच्यानं माहिती द्यायला नकार दिला तर तोही एक उत्तरच आहे, मग बैठका वाढवण्यात अर्थ नाही.

भावाच्या २५ टक्क्यांबद्दल. हा आकडा हवेतला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९७० च्या एका जुन्या निकालाचा आधार घेऊन म्हटलं की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य ठरेल. पण त्याच प्रकरणात न्यायालयानं उच्च न्यायालयानं दिलेली रक्कम २३,००० वरून २०,००० वर आणली, कारण नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन त्या संसाराचा भारही त्याच्यावर आला होता. म्हणजे तो नियम नाही, एक मोजपट्टी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये किंवा २५ मध्ये कुठंही टक्का लिहिलेला नाही. न्यायाधीश दोघांचं उत्पन्न, राहणीमान, लग्न किती वर्षं टिकलं, वय, शिक्षण, पत्नीनं संसारासाठी काय सोडलं, मुलं कोणाकडे आहेत, हे सगळं एकत्र पाहतात. वर्तमानपत्रात ५ कोटी, १२ कोटी असे मथळे येतात, डिसेंबर २०२४ मध्ये असे दोन निकाल लागोपाठ आले. त्यातल्या १२ कोटींच्या निकालातच न्यायालयानं बजावलं आहे की दोघांची श्रीमंती सारखी करणं हा पोटगीचा हेतू नाही. त्या मथळ्यांचा तुमच्या प्रकरणाशी संबंध जोडू नका.

मग सुरुवात कुठून करायची? खर्चाच्या वहीपासून. तुम्ही लिहिलेला खर्च मी तीन भागांत लावून पाहिला. फक्त मुलीचा: फी ११,०००, बस २,५००, क्लास ४,५००, कपडे-पुस्तकं-डॉक्टर ४,०००, मिळून २२,०००. दोघींचा सामाईक: भाडं १७,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस १५,०००, वीज-फोन-इंटरनेट ३,०००, घरकामाच्या मावशी २,५००, मिळून ३७,५००. फक्त तुमचा: औषधं आणि मेडिक्लेम ४,५००, प्रवास ३,५००, कपडे-सणवार ४,०००. यात म्हातारपणासाठी बचतीचे ५,००० मी घातले आहेत. ते तुम्ही लिहिले नव्हते आणि बहुतेक बायका लिहीत नाहीत. तुमच्या नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीत दर महिन्याला भर पडत होती तेव्हा तुम्ही घर सांभाळत होता. तुमच्या नावावर मात्र २०१४ नंतर एक पैसाही जमा झालेला नाही. ते ५,००० मागायला अजिबात संकोच करू नका. तर तुमचा भाग १७,०००.

एकूण ७६,५००. सामाईक खर्चाचा एक तृतीयांश मुलीकडे लावला तर तिचे ३४,५०० होतात. तुमचे ४२,०००, त्यातून तुमची कमाई १४,००० गेली की तूट २८,०००. हा तुमच्या पोटगीचा तळ, म्हणजे आजच्या काटकसरीत जगण्याचा आकडा. १,९१,३०० चे २५ टक्के ४७,८०० च्या आसपास येतात, ती वरची बाजू. सोळा वर्षांचं लग्न, मुलीसाठी सोडलेली नोकरी, एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उभं राहणं आणि एकत्र असतानाचं राहणीमान हे सगळं धरून मी तुमच्यासाठी ३८,००० ची बाजू मांडेन. मुलीचे ३४,५०० वेगळे. समोरून कदाचित ऐकाल की ‘शिकलेली आहे, कमवू शकते’. सर्वोच्च न्यायालयानं कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सांगितलेलं आहे. अकरा वर्षांच्या खंडानंतर तुम्हाला कोण किती पगार देईल हे दाखवायला दोन-चार ठिकाणी अर्ज करून ठेवा. आलेली उत्तरं, नकारसुद्धा, जपून ठेवा.

आता एकरकमी रकमेचं गणित. महिना ३८,००० म्हणजे वर्षाला ४,५६,०००. महागाईनं ही रक्कम दरवर्षी वाढायला हवी, आणि हातात एकदम आलेल्या पैशावर बँकेचं व्याजही मिळणार. घरगुती हिशेबाला हे दोन्ही एकमेकांना जवळपास फेडून टाकतात असं धरलं तरी चालतं. मग उरतो साधा गुणाकार: वर्षाची रक्कम गुणिले वर्षं. तुमच्या साठीपर्यंत १९ वर्षं धरली तर ८६ लाख ६४ हजार. समोरचा यातून काय काय कमी करायला सांगेल? तुमची कमाई वाढेल, तुम्ही पुन्हा लग्न कराल, त्याची नोकरी जाईल, आणि एकदम पैसा मिळण्याचा फायदा तुम्हालाच आहे. यातले काही मुद्दे रास्त आहेत. म्हणून १२ वर्षांचा गुणाकार, ५४ लाख ७२ हजार, हा मी खालचा काठ मानते. हेच गणित उलटं केलं तर त्याचे २५ लाख म्हणजे साडेपाच वर्षांचा खर्च. त्यात मुलगी नाही, फ्लॅट नाही, सोनं नाही. मुलगी बारावी होते न होते तोच पैसे संपतील आणि तुम्ही सत्तेचाळिशीत असाल.

एवढे पैसे तो आणणार कुठून, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा, कारण अशक्य मागणीवर तडजोड होत नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणाची किल्ली फ्लॅटच्या हप्त्यात आहे. तो महिन्याला ३२,००० हप्ता भरतो. त्याच्याकडे २५ लाख रोख आहेत, असं तो स्वतःच सांगतो आहे. त्यातून त्यानं २४ लाखांचं कर्ज फेडावं आणि फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर करावा. त्याच्या बाजूनं तुम्हाला मिळालेलं मोजलं तर त्याचा निम्मा वाटा ३३ लाख आणि फेडलेलं कर्ज २४ लाख, मिळून ५७ लाख. पण भिंती खाऊन पोट भरत नाही, हातात रोख हवीच. भाडं वाचेल, सोसायटीचे ३,५०० वाढतील. नव्यानं मांडलं तर मुलीचे ३०,००० आणि तुमची तूट १९,००० राहते. तुमचे १९,००० दहा वर्षं, म्हणजे २२ लाख ८० हजार. ५७ मध्ये मिळवले की ७९ लाख ८० हजार, ५४ आणि ८६ यांच्या मधे.

आणि त्याच्या बाजूनं पाहा. हप्त्याचे ३२,००० सुटले. दरमहा द्यायचे ४९,०००, म्हणजे निव्वळ पगाराच्या पावहिश्श्याच्या जरा वर. त्याच्याकडे १,४२,३०० उरतात, त्यातून तो भाड्यानं किंवा पुढेमागे स्वतःच्या घरात राहू शकतो. भाड्याच्या घरात राहून ३८,००० अधिक ३४,५०० घेतले असते तर त्याला दरमहा ७२,५०० द्यावे लागले असते, वर हप्ता होताच. ही मांडणी कागदावर दोन रकान्यांत लिहून बैठकीत त्याच्यासमोर ठेवा. मी पाहिलं आहे की वकिलांनी तासभर वाद घालून जे होत नाही ते समोरच्याला स्वतःच्या महिन्याचा हिशेब कागदावर दिसला की होतं. एका प्रकरणात चार बैठका फुकट गेल्यावर माझ्या अशिलानं किराण्याची तीन वर्षांची वही टेबलावर ठेवली. नवऱ्यानं ती दहा मिनिटं शांतपणे चाळली आणि मुलांची रक्कम त्याच बैठकीत मान्य केली.

मुलीचं एकरकमी रकमेत कधीही मिसळू नका. तुम्ही तुमच्या हक्काबद्दल तडजोड करू शकता, तिच्या हक्काबद्दल नाही. ‘मुलीची पोटगी मागणार नाही’ असं आईनं लिहून दिलं तरी मुलगी त्याला बांधील नसते. मसुद्यातला ‘वय वर्षे १८ पर्यंत’ हा शब्दप्रयोगही खोडायला लावा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मुलांची पोटगी साधारणपणे सज्ञान होईपर्यंतच आहे. पण १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यानं अविवाहित मुलीला, ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर, लग्न होईपर्यंत वडिलांकडून पोटगीचा हक्क आहे. त्यात लग्नाचा वाजवी खर्चही येतो. अठरा वर्षं म्हणजे नेमकं कॉलेजचा खर्च सुरू होतो ते वय. फी आणि बसचे पैसे त्यानं थेट शाळेला भरावेत, बाकीचे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तुमच्या खात्यात. उच्च शिक्षणाचा किती वाटा कोण उचलणार हे आत्ताच लिहा. दोघींच्याही मासिक रकमेला वाढीचं कलम हवं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात पत्नीला महिना ५०,००० देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ जोडली आहे. ती तुमच्यासाठी खालची पायरी धरा. शाळांची फी ज्या वेगानं वाढते ते पाहता मुलीसाठी दरवर्षी वाढ मागा.

करभाराबद्दल फार भीती घातली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालानुसार दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न आणि एकरकमी रक्कम ही भांडवली प्राप्ती, तिच्यावर आयकर नाही. पण तुमच्या बाबतीत महिन्याची पोटगी आणि शिकवण्या मिळूनही १२ लाखांच्या खूप आत राहता, आयकराच्या नव्या पद्धतीत कर लागणार नाही. तेव्हा कराच्या नावाखाली कोणी एकरकमीच घ्या म्हणत असेल तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क मात्र लक्षात ठेवा: महाराष्ट्रात नवरा-बायकोंमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, आणि ही सवलत नातं आहे तोवरच. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, झाल्यावर तुम्ही कायद्यानं परक्या. कागद कोणत्या स्वरूपाचा करायचा हे तडजोडीच्या अटींशी जुळवून नोंदणीच्या जाणकाराकडून तपासून घ्या, पण तारीख हुकूमनाम्याआधीची धरा.

उलट प्रसंग आला, म्हणजे फ्लॅट त्यानंच ठेवायचा ठरला, तर एक गोष्ट कदापि विसरू नका. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव बँकेच्या लेखी पत्रानं निघालं नाही तोवर हक्कसोडपत्रावर सही करायची नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पाच वर्षांपूर्वी हक्क सोडला होता, नवऱ्यानं हप्ते थकवले, आणि तिच्या स्वतःच्या छोट्या घरकर्जाचा अर्ज त्या थकबाकीमुळे नामंजूर झाला. तेव्हा तिच्या हातात ना फ्लॅट होता ना पत.

पैसे आणि सह्या यांचा क्रम असा बांधा की कोणाचंच सगळं आधी हातातून जाणार नाही. संमतीच्या घटस्फोटात दोन टप्पे असतात: अर्ज दाखल होतो तेव्हाचा, आणि नंतरचा, ज्यानंतर हुकूमनामा होतो. मधला सहा महिन्यांचा काळ २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणांत माफ होऊ शकतो. त्या निकालात अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं हा एक निकष आहे. तुमचे १४ महिने झाले आहेत, तरी मागून पाहा. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे विसरून लोक फसतात. म्हणून पहिल्या टप्प्याआधी सोनं तुमच्या ताब्यात, यादी करून. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे कर्जफेड आणि बँकेचा ना हरकत दाखला. दुसऱ्या तारखेआधी बक्षीसपत्राची नोंदणी. काही रोख रक्कम ठरली तर तिचा डीडी न्यायाधीशांसमोर, त्याच दिवशी. पुढच्या तारखांचे चेक घेऊन घटस्फोट देऊ नका.

मासिक रक्कम दहा वर्षं यायची आहे, तर तिला तारण हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्येच तरतूद आहे की पोटगीसाठी देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. त्याच्या गावाकडे जमीन आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मी बोजा मागेन, बहुतेक तो नाकारेल, आणि मग त्याबदल्यात टर्म विमा मागेन, मुलीच्या नावे, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे ज्यांचं तो देणं लागतो त्यांना ते पैसे घेता येत नाहीत. त्याला काही झालं तर पोटगी थांबेल, मुलीचं शिक्षण थांबू नये. कंपनीच्या मेडिक्लेममधून तुम्ही घटस्फोटानंतर बाहेर पडाल, तेव्हा स्वतःचा आजच घ्या. मुलीचं नाव त्याच्या पॉलिसीत राहील असं अटींत लिहा. आणि हे माहीत असू द्या की तुमचं पुन्हा लग्न झालं तर मासिक रक्कम बंद करण्यासाठी तो न्यायालयात जाऊ शकतो. फ्लॅट मात्र तुमचाच राहील.

एका बाबतीत मी तुम्हाला स्पष्ट विरोध करते. कोणीतरी तुम्हाला सुचवलं आहे की सासू-सासऱ्यांवर फौजदारी तक्रार टाका, रक्कम वाढेल. छळ झाला असेल तर तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. तुम्हीच लिहिलं आहे की सासूबाई आजही मुलीला डबा पाठवतात. रक्कम वाढवण्यासाठी त्यांना पोलीस ठाण्यात उभं केलं तर तुमच्या मुलीची आजी जाईल आणि तडजोडही दोन वर्षं मागे जाईल.

पोटगीचा अर्ज मात्र थांबवू नका. ‘बोलणी चालू आहेत, अर्ज केला तर तो चिडेल’ म्हणून तुम्ही आठ महिने थांबला आहात. या काळात त्यानं फक्त शाळेची फी भरली. दोघींची मिळून तूट ६२,५०० (तुमचे २८,००० आणि मुलीचे ३४,५००), त्यातून फीचे ११,००० वजा केले तर महिन्याला ५१,५००, आठ महिन्यांचे ४ लाख १२ हजार, आणि मी धरलेली बचत सोडली तर ते तुमच्या भावानं दिले आहेत. २०२० च्या त्याच निकालानं सांगितलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. अर्जच नसेल तर मागचे महिने सहसा कोणी मोजत नाही. अर्ज दाखल करूनही बोलणी चालू ठेवता येतात, न्यायालय स्वतःच समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थीला पाठवतं, आणि मध्यस्थीत बोललेलं पुढे कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोड झाली की अर्ज त्यात विलीन होतो. या आठवड्यात अर्ज करा. त्याआधी बँकेत जाऊन घरकर्जाच्या खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागा. तुम्ही सहकर्जदार आहात, तो मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुमच्या पगारातून गेलेले हप्ते तारखांसकट त्यातच सापडतील.